केबल बसली का?

सकाळी ६.४५

भोसरी एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे आमचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो. पहिली शिफ्ट सातची. मी थोडी आधी येते, कारण टेस्ट रूममधला व्हीएनए, म्हणजे व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनलायझर, सुरू करून निदान अर्धा तास तापू द्यावा लागतो. थंड यंत्र जे आकडे दाखवतं ते तासाभराने तसेच राहत नाहीत. मला जे शोधायचं असतं ते डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, तेव्हा आकड्यांवर तरी भरवसा ठेवता आला पाहिजे.

आमच्याकडे गाड्यांत बसवायचे ट्रॅकर तयार होतात. तळहातावर मावेल एवढा डबा. आत मेन बोर्ड, छोटी बॅटरी आणि दोन अँटेना, एक मोबाईल नेटवर्कसाठी आणि एक जीपीएसच्या उपग्रहांसाठी. प्रत्येक अँटेनाला एक बारीक कोॲक्सियल केबल, जाडी १.१३ मिलिमीटर, लांबी साधारण १० सेंटिमीटर. केबलच्या टोकाला गोल धातूचा कनेक्टर असतो, लाईनवर सगळे त्याला टोपी म्हणतात. बोर्डावर त्याची जोडी असते, जेमतेम ३ मिलिमीटरची. ती टोपी त्या जोडीवर नीट बसली आहे की नाही, आणि पुढची काही वर्षं बसलेली राहील की नाही, हे शोधणं हे माझं काम.

सार्वजनिक प्रवासी वाहनांत असा ट्रॅकर आणि पॅनिक बटण हवं, असा केंद्र सरकारचा नियम आहे. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या गाड्यांना तो लागू झाला. त्याचं मानक, एआयएस-१४०, आमच्या पुण्यातल्याच एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेलं आहे. रात्रीच्या गाडीत एखादी मुलगी ते बटण दाबते, तेव्हा बटण चांगलं, वायर चांगली, बोर्ड चांगला, आणि टोपी मात्र अर्धवट बसलेली असली तर तिची हाक त्या डब्याबाहेर पडत नाही. हे डोक्यात असलं की या कामात हयगय करवत नाही.

सकाळी ७.२०

रिस्ट स्ट्रॅप लावला, हिरवा दिवा लागला, प्लांटवरची हजेरी झाली. व्हीएनए आता तापलाय. कॅलिब्रेशन करायचं. टेस्ट केबलच्या टोकाला आधी उघडं टोक, मग शॉर्ट, मग ५० ओहमचा लोड. तिन्ही क्रमाने लावून यंत्राला सांगायचं की मोजमाप इथून धर. हे रोज करते, कंटाळा न करता, कारण टेस्ट केबल नुसती वाकवली तरी फरक पडतो.

व्हीएनए काय सांगतो ते थोडक्यात लिहिते. रेडिओकडून निघालेली शक्ती केबलमधून अँटेनाकडे जाते. अँटेना जुळलेली असेल तर बहुतेक शक्ती पुढे जाते आणि थोडी परत येते. किती परत आली ते डेसिबलमध्ये मोजायचं. रिटर्न लॉस १० डेसिबल असेल तर दहावा हिस्सा परत आला, ६ असेल तर चौथा. टोक उघडं असेल तर जवळपास सगळीच शक्ती आल्या पावली परत येते. त्याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे ती कुठून परत आली हेही कळतं. केबलमध्ये लहर प्रकाशाच्या साधारण ७० टक्के वेगाने धावते, म्हणजे १० सेंटिमीटर जाऊन परत यायला तिला सुमारे एक नॅनोसेकंद लागतो. परतावा लगेच आला तर बिघाड बोर्डाकडच्या टोपीत, नॅनोसेकंदाने आला तर अँटेनाच्या टोकाशी. केबल न उघडता, न कापता एवढं कळतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पण हे सगळं सुट्ट्या केबलवर. डबा बंद झाल्यावर रेडिओ आणि केबल यांच्यामध्ये व्हीएनए घुसवायला जागाच नसते. घुसवायचं तर टोपी काढावी लागेल, आणि जी टोपी तपासायची तीच काढून तपासण्यात काही अर्थ नाही. आमच्या सगळ्या अडचणीचं मूळ इथे आहे.

सकाळी ८.१०

लाईनवर चक्कर. अँटेना बसवायच्या स्टेशनवर ज्या ताई बसतात, त्यांच्या हाताखाली कित्येक मुली तयार झाल्या. त्यांचं काम मी जवळ उभी राहून बघते. डाव्या हाताच्या चिमटीत केबल, टोपीपासून थोडी मागे धरलेली. भिंगाखाली टोपी जोडीच्या बरोबर वर आणायची, हलकेच टेकवायची, किंचित इकडेतिकडे सरकवून ती स्वतः मध्यावर येते का ते बघायचं. मग दाबायच्या हत्याराने सरळ खाली. टक्. तिरकं दाबलं तर टोपीची कड फाकते, आणि त्याहून वाईट म्हणजे आतली केसाएवढी पिन वाकते. ती वाकली की बोर्डच गेला.

या कनेक्टरची आणखी एक खोड आहे. हिरोसेचा यू.एफएल असो की त्याच जातीचे दुसरे, लावण्या-काढण्याचं त्यांचं आयुष्य ३० वेळांचं. मोबाईलच्या चार्जिंगची पिन हजारो वेळा लावायची म्हणून बनवलेली असते, ही टोपी एकदा लावून विसरायची म्हणून. त्यामुळे रिवर्कला आलेल्या प्रत्येक बोर्डाच्या कार्डावर किती वेळा टोपी काढली त्याच्या खुणा करायचा नियम आम्ही केलाय. आणि काढताना केबलला धरून ओढायचं नाही, त्याचं वेगळं आकड्याचं हत्यार आहे.

"ताई, आजचा लॉट कसा आहे?"

त्यांनी मान वर न करता पुढची टोपी बसवली. मग म्हणाल्या, "मॅडम, टक् होतंय. पण परवाच्यासारखं वाटत नाही. बोटाखाली डुलतंय."

"फिरतंय की डुलतंय?"

"फिरतं ते नेहमीचंच. हे डुलतंय. एक कड वर येतीय."

फिरणं ठीक असतं, ही टोपी बसल्यावरही गोल फिरू शकते. डुलणं मात्र ठीक नाही. मी त्यांच्या ट्रेमधून काही बोर्ड उचलले आणि मायक्रोस्कोपवर नेले. वरून बघितलं तर सगळ्या टोप्या एकसारख्या, गोल, चकचकीत. लाईनवरचा कॅमेराही वरूनच बघतो, म्हणून त्याने सगळ्यांना हिरवं दिलेलं. बोर्ड उभा करून कडेने बघितलं तेव्हा दिसलं, दोन बोर्डांवर टोपीखाली एका बाजूला प्रकाशाची बारीक फट होती. टोपीच्या कडेचं धातूचं कडं किंचित मोठं आलं होतं, जोडीवरच्या खाचेला ते धरतच नव्हतं.

लॉट होल्ड केला. लाल टॅग, स्टोअरला फोन, क्यूएला मेल. आधीचा शिल्लक लॉट काढायला सांगितला. सुपरवायझर काका म्हणाले, "मॅडम, आजचं टार्गेट?" मी त्यांना मायक्रोस्कोपवर बसवून ती फट दाखवली. ते उठले आणि स्वतः स्टोअरला गेले. हे मला नमूद करावंसं वाटतं, कारण कॅमेऱ्याने पास केलेला माल एका बाईच्या बोटाने थांबवला आणि तिचं म्हणणं कुणी मोडीत काढलं नाही.

सकाळी ९.३०

चहा. आज कॅन्टीनला पोहे होते.

सकाळी ९.४५

शिल्ड बॉक्सचं स्टेशन. नव्याने आलेल्या ट्रेनी मुलाने विचारलं की टेबलावर डबा चालू केला, नेटवर्क आलं, एसएमएस गेला, मग अँटेना जोडलेलीच असणार ना?

नाही. हे त्याला करून दाखवलं. एका बोर्डाची मोबाईलची टोपी काढली, सिम घातलं, चालू केलं. मिनिटभरात नेटवर्क आलं. तो बघतच राहिला. एमआयडीसीत टॉवर हाकेच्या अंतरावर आहे. बोर्डावरची उघडी जोडी, तिच्याकडे जाणारी तांब्याची रेघ, एवढ्यातूनही काही सिग्नल आत शिरतो. अँटेना नसली तर सिग्नल पूर्ण शून्य होत नाही, तो साधारण २० ते २५ डेसिबलने पडतो. २० डेसिबल म्हणजे शंभरावा हिस्सा. टॉवरखाली उभं राहिलं तर शंभरावा हिस्साही पुरून उरतो. मोकळ्या मैदानाचं गणित धरलं तर २० डेसिबलने पल्ला दहावा हिस्सा राहतो, पण ते कळायला टॉवरपासून लांब जावं लागतं. आणि लांब गेलेली गाडी आमच्या टेबलावर नसते, रस्त्यावर असते.

म्हणून शिल्ड बॉक्स. धातूची जाड पेटी, झाकणाला जाळीची गॅस्केट, बाहेरच्या टॉवरचा आवाज आत येऊ नये अशी. आत टेस्टर स्वतःच टॉवर बनतो, मुद्दाम अशक्त टॉवर. सकाळी गोल्डन सॅम्पल, म्हणजे खात्रीचा नमुना डबा, ठेवून त्याचा आकडा घ्यायचा आणि बाकीचे त्याच्याशी ताडून बघायचे. डबा खोबणीत थोडा हलला तरी दोन-तीन डेसिबल इकडचे तिकडे होतात, म्हणून तेवढी सूट द्यावी लागते. टोपी निघालेली असेल तर एवढी सूट देऊनही ती लपत नाही.

अर्धवट बसलेली टोपी मात्र लपू शकते. आतली पिन टेकलेली नाही, मध्ये केसभर फट आहे, तर ती फट कपॅसिटरचं काम करते. जितकी फ्रिक्वेन्सी जास्त तितकं तिच्यातून बरं जातं. त्यामुळे २३०० मेगाहर्ट्‌झला त्यातल्या त्यात बरा दिसणारा डबा ८५० किंवा ९०० ला फारच पडलेला असतो. आणि गावाकडे, घाटात, लांबच्या टॉवरवरून पोहोचतात त्या याच खालच्या फ्रिक्वेन्सी. पूर्वी टेस्टचा वेळ वाचावा म्हणून एकाच बँडवर, वरच्या, टेस्ट चालायची. आता खालचा बँड सक्तीचा आहे. प्रत्येक डब्यामागे काही सेकंद जास्त जातात, ते जाऊ देत.

सकाळच्या त्या दोन डुलणाऱ्या बोर्डांना मुद्दाम पेटीत घातलं. एक खालच्या बँडवर सरळ फेल झाला. दुसरा पास झाला. पेटीतून काढून बोटाने जरा टोपी हलवली, पुन्हा ठेवला, फेल. म्हणजे पेटीने दिलेला 'पास' त्या क्षणापुरता असतो. कऱ्हाडच्या पुढे खड्ड्यात चाक आपटल्यावर काय होईल याचं उत्तर पेटीकडे नाही.

जीपीएसच्या बाजूला ही चिंता कमी. तिथली अँटेना अ‍ॅक्टिव्ह आहे, तिच्यात स्वतःचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि त्याला लागणारे ३.३ व्होल्ट त्याच केबलमधून जातात. अ‍ॅम्प्लिफायर साधारण दहा मिलिअँपिअर खातो. वाटेत १० ओहमचा रेझिस्टर ठेवला की त्यावर १०० मिलिव्होल्ट पडतात. करंट नाही, तर केबल निघाली. करंट भलताच वाढला, तर केबल कुठेतरी चेपून शॉर्ट झाली. यू-ब्लॉक्सचे रिसीव्हर तर अँटेना ठीक, उघडी की शॉर्ट हे स्वतःच मजकुरात लिहून पाठवतात. उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर पोहोचतो तेव्हा उणे १३० डीबीएमच्या आसपास असतो, इतका क्षीण की नुसत्या सिग्नलवरून केबलचा निवाडा करणं कठीण. डीसी करंट मात्र हो की नाही ते स्पष्ट सांगतो. ही सोय मोबाईलच्या बाजूला फुकट मिळत नाही, कारण तिथली अँटेना म्हणजे फिल्मवर चिकटवलेलं नुसतं तांबं. तिला वीज लागत नाही.

सकाळी ११.१५

कुरिअरने परत आलेला डबा. कोल्हापूरहून सावंतवाडीला जाणाऱ्या एका खासगी बसचा. सोबत चिठ्ठी, 'घाटात लोकेशन येत नाही.' ज्यांनी तो बसवला त्या ऑटो इलेक्ट्रिशियनना फोन लावला.

"दादा, नेमकं काय होतंय?"

"ओ मॅडम, गाडी आजऱ्यापर्यंत झकास दिसतीया. पुढं आंबोलीला गायबच. खाली उतरली की परत येती. मालक म्हणतोय डबाच बाद हाय."

"झाकण कधी उघडलं होतं का?"

"न्हाय ओ. सील तसंच हाय बघा."

सील खरंच शाबूत होतं. उघडण्याआधी मेमरीतला लॉग काढला. सिग्नलचा आकडा मोडेम ० ते ३१ मध्ये देतो. कोल्हापूर शहरात हा डबा १४ दाखवत होता, म्हणजे उणे ८५ डीबीएम. त्याच भागात फिरणारे आमचे दुसरे डबे २६ च्या आसपास असतात, उणे ६१. तब्बल २४ डेसिबलचा फरक. शहरात १४ वर सगळं चालतं, कुणी तक्रार करत नाही. घाटात जिथे चांगल्या डब्याला ९ मिळतात, तिथे याच्या वाट्याला काहीच उरत नाही आणि तो ९९ लिहितो, म्हणजे मोजता आलं नाही.

सील कापलं, झाकण हळूच उचललं. झाकणाच्या आत टोपीवर दाब द्यायला फोमचा छोटा चौकोन चिकटवलेला असतो. तो सुटून बाजूला सरकला होता. आणि केबलचा बाक झाकणाच्या आतल्या बरगडीखाली अडकला होता. गाडी हादरली की बरगडी केबलला ढकलणार, केबल टोपीला उचलणार. टोपी एका कडेवर टेकून उभी होती. मायक्रोस्कोपखाली जोडीच्या कडेला घासल्याच्या चकाकत्या खुणा होत्या, म्हणजे बरेच दिवस ती हलत राहिली होती.

मी फोटो काढले, केबलचा मार्ग पेन्सिलने आखला, फोमखालच्या गोंदाचा नमुना घेतला. पण मला सगळ्यात जास्त बोचलं ते दुसरंच. हे जुनं मॉडेल. यात मोबाईलच्या अँटेनाची डीसी तपासणी नाही. डब्याला स्वतःला काही कळायचा मार्गच नव्हता. ती बस रोज घाट चढत-उतरत होती आणि पॅनिक बटणाचा दिवा आतमध्ये ठीकठाक लागत होता.

इलेक्ट्रिशियन दादांना परत फोन केला, बदली डबा आजच निघेल म्हणून सांगितलं. "मॅडम, त्येवढं घाटाचं बघा," ते म्हणाले.

दुपारी १.००

जेवण, आणि दुपारच्या मीटिंगसाठी फोटो एका फाईलमध्ये. सकाळच्या स्टेशनवरच्या ताईंना तो उचललेला कनेक्टर मोबाईलवर दाखवला. त्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "केबल उलट्या अंगाने वळवली असती तर बरगडीखाली गेलीच नसती." ते फाईलमध्ये लिहून घेतलं.

दुपारी १.४५

नव्या मॉडेलचा डिझाईन रिव्ह्यू. डबा आणखी पातळ करायचाय. कनेक्टरही धाकटा येणार, बोर्डावरचा तुकडा २ मिलिमीटरचा, जसा लॅपटॉपच्या वायफाय कार्डावर असतो. पातळ करायच्या यादीत दोन ओळी माझ्या दृष्टीने गंभीर होत्या. झाकणातला फोम काढणे. आणि अँटेना तपासणीचं सर्किट काढणे.

हे सर्किट अगदी साधं आहे. मोडेमकडून येणाऱ्या रेघेत एक ३३ पिकोफॅरडचा कपॅसिटर, जो रेडिओ जाऊ देतो आणि डीसी अडवतो. त्याच्या अँटेनाकडच्या बाजूला एक इंडक्टर, जो डीसी जाऊ देतो आणि रेडिओ अडवतो. इंडक्टरमागे १० किलोओहमचा रेझिस्टर ३.३ व्होल्टला. आणि केबलच्या पलीकडे, अँटेनाच्या फिल्मवर, तेवढाच १० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला. मधल्या बिंदूचा व्होल्टेज प्रोसेसर वाचतो. टोपी बसलेली असेल तर दोन्ही रेझिस्टर वाटून घेतात आणि १.६५ येतात. टोपी निघाली तर पूर्ण ३.३. केबल चेपली तर शून्य. एका आकड्यात तिन्ही उत्तरं.

डिझाईनचे सर म्हणाले, "शिल्ड बॉक्समध्ये शंभर टक्के टेस्ट होतेच. मग हे डबल कशाला?"

मी आंबोलीचा लॉग पडद्यावर लावला. शिल्ड बॉक्स भोसरीत आहे आणि टोपी निघते आंबोलीत. एवढं एकच वाक्य बोलले.

मग आरएफवाल्या सहकाऱ्याची शंका, अँटेनावर रेझिस्टर लावला तर शक्ती खाणार नाही का? ५० ओहमच्या रेघेवर १० किलोओहम आडवा लावला तर नुकसान ०.०२ डेसिबल. १० सेंटिमीटर केबलच त्याच्या दसपट खाते. जागा? ते रेझिस्टर १ मिलिमीटर बाय अर्धा मिलिमीटर.

खरा प्रश्न त्यानंतर आला, आणि तो रास्त होता. नवी अँटेना इन्व्हर्टेड-एफ जातीची आहे. तिचा एक पाय मुळातच ग्राउंडला जोडलेला असतो. रेडिओला ती अँटेना दिसते, डीसीला मात्र शॉर्ट. तिच्यावर १० किलोओहम लावून उपयोग नाही, टोपी बसली की व्होल्टेज शून्यच येणार. एकाने सुचवलं, मग शून्य म्हणजे 'बसली' समजू, रेझिस्टरही वाचला. खरंय, स्वस्तात काम होतं. पण मग चेपलेली केबलही शून्य आणि चांगली अँटेनाही शून्य, दोन्ही एकच दिसणार. बरगडीखाली अडकलेली केबल मी दोन तासांपूर्वी हातात धरली होती. मी म्हटलं, अँटेनाच्या ग्राउंडच्या पायात एक कपॅसिटर घाला. रेडिओला पाय जोडलेलाच वाटेल, डीसीला तो तुटेल, मग १० किलोओहम पुन्हा बोलू लागेल. आरएफवाल्याने मान डोलावली, पण अँटेना नव्याने ट्यून करावी लागेल म्हणाला. लागेल. त्याचे चार-सहा दिवस जातील. त्याने ते मान्य केलं, हे त्याचं मोठेपण.

आणखी एक सापळा मला मांडायचा होता. नव्या डब्याला खालून धातूची प्लेट आहे, ती बोर्डाच्या ग्राउंडला स्क्रूने जोडलेली. अँटेनाच्या फिल्मचं ग्राउंड त्या प्लेटला टेकलं, तर डीसीचा परतीचा रस्ता केबलच्या जाळीऐवजी प्लेटमधून पूर्ण होईल. टोपीचं बाहेरचं कडं लागलेलंच नसलं तरी १.६५ दिसेल आणि आपण निर्धास्त राहू. त्यामुळे फिल्म आणि प्लेटमध्ये इन्सुलेशनची पट्टी हवी, आणि ती ड्रॉइंगवर लिहिलेली हवी. लिहिली गेली.

दोन्ही टोप्या एकाच मापाच्या आहेत, त्यामुळे मोबाईलची केबल जीपीएसवर आणि जीपीएसची मोबाईलवर लागू शकते. मोबाईलच्या फिल्मवरचे १० किलोओहम जीपीएसच्या ३.३ व्होल्टवर जेमतेम एक तृतीयांश मिलिअँपिअर घेतील, म्हणजे रिसीव्हर 'उघडी' म्हणेल. अदलाबदल आपोआप पकडली जाईल. पुढे वायफायची तिसरी अँटेना येणार आहे, तिला १० ऐवजी २२ किलोओहम द्यायचे ठरले. तिचा आकडा २.२७ व्होल्ट येईल. कुठली केबल कुठे लागली ते व्होल्टेजवरूनच कळेल, रंग बघायची गरज नाही.

शेवटी सरांनीच विचारलं, "समजा डब्याला कळलं की अँटेना गेली. पण सांगणार कशातून? अँटेनाच नाही."

हा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण त्याचं उत्तर सकाळी ट्रेनी मुलाने बघितलं होतं. अँटेनाशिवायही टॉवरजवळ नेटवर्क मिळतं. जी गळती टेबलावर आम्हाला फसवते, तीच इथे कामाला येते. गाडी कोल्हापुरात, डेपोत, टॉवरखाली उभी असताना डबा त्या शंभराव्या हिश्शावरही निरोप पाठवू शकतो, 'माझी अँटेना निघाली आहे.' घाटाच्या आधी. मालकाला फोन जाईल, गाडी गॅरेजला जाईल. त्यासाठी डब्याला फक्त माहीत असायला हवं, आणि माहीत होण्यासाठी ते तीन-चार सुटे भाग हवेत.

सर्किट राहिलं. फोमवर एकमत झालं नाही. जाडी वाढते हे खरं आहे. झाकणालाच टोपीवर टेकणारं छोटं बोंड काढता येतं का, हे टूल रूम बघणार आहे.

दुपारी ३.१०

फर्मवेअरच्या मुलीबरोबर दहा मिनिटं. व्होल्टेज वाचायचा तो मोडेम बोलत नसताना, कारण प्रसारण चालू असताना आकडा उड्या मारतो. एका वाचनावर ओरडायचं नाही, काही सेकंद सलग तसंच दिसलं तर नोंद. पण क्षणभरासाठी निघून परत लागलेली टोपीही मोजून ठेवायची, किती वेळा ते. आंबोलीच्या डब्यात असा मोजणारा असता तर ती टोपी पूर्ण उचलण्याच्या कितीतरी आधी कळलं असतं. तिने ते लगेच टिपून घेतलं.

स्टोअरमधून निरोप आला, पुरवठादाराने होल्ड केलेल्या लॉटचा नमुना मागवलाय. कड्याचं माप घेऊन फोटोसह पाठवला.

दुपारी ३.३०

सेकंड शिफ्टला चार्ज. रजिस्टरमध्ये लिहिलं. केबलचा लाल टॅगचा लॉट कुणीही उघडायचा नाही, टार्गेट कमी पडलं तरी. शिल्लक लॉटमधल्या प्रत्येक ट्रेतून दोन बोर्ड कडेने बघायचे, वरून नाही. शिल्ड बॉक्सवर खालचा बँड चालू आहे याची खात्री शिफ्ट सुरू होताना गोल्डन सॅम्पलने करायची. जुन्या मॉडेलची केबल आजपासून उलट्या अंगाने वळवायची, ताईंनी एक नमुना डबा उघडा ठेवलाय, तो बघून. फोम चिकटवण्याआधी झाकण आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, पुसायचं आणि बोटाने पाच सेकंद दाबून धरायचं. कोल्हापूरचा बदली डबा डिस्पॅचच्या टेबलावर आहे, संध्याकाळच्या कुरिअरने जायलाच हवा.

सेकंड शिफ्टचा टेस्टर सगळं वाचून म्हणाला, "मॅडम, कोल्हापूरचा मी स्वतः पेटीत घालून पाठवतो." मी त्याला खालच्या बँडचा आकडा कागदावर लिहून डब्याला चिकटवायला सांगितलं, म्हणजे तिकडे दादांनाही तो दिसेल.